डॉक्टर खैरनारांचं अर्धं गाणं

आमच्या इंदिरानगरातले दातांचे डॉक्टर खैरनार एरवी अबोल. पण पेशंटच्या तोंडात आरसा आणि दोन बोटं गेली, की ते सुरू होतात, "हे गाणं कसं झालं, माहितीय?"

माहीत असलं तरी सांगणार कसं?

दवाखान्यात दिवसभर जुनं इंग्लिश रॉक चालू. कवळी बसवायला आलेल्या आजीबाई दचकतात. प्रत्येक गाण्यामागची गोष्ट डॉक्टरांना पाठ, आणि एकाही गोष्टीचा शेवट चांगला नाही. "हे तुम्ही वाढदिवसाला लावता ना? बायको सोडून गेली, त्या आठवड्यात लिहिलंय बिचाऱ्यानं." मग ड्रिल. "आणि ही गिटार ऐका. वाजवणाऱ्याचा बाप नुकताच वारला होता. थुंका."

सातपूरला कंपनीत असलेले आमचे शेजारी एकदा दाढ काढून डोळे पुसत बाहेर आले.

"फार दुखलं का हो?"

"दाढेचं काही नाही," ते गाल धरून म्हणाले. "त्या गिटारवाल्याचं फार वाईट झालं."

गेल्या महिन्यात माझं रूट कॅनल संपलं. चूळ भरून मी सहज विचारलं, "डॉक्टर, तुम्ही स्वतः कधी गाणं केलंत का?"

हातमोजे काढून ते बेसिनपाशी हात धुवायला लागले.

"केलंय. अर्धं."

कॉलेजात असताना त्यांचा आणि धाकट्या भावाचा, बापूचा, बँड होता. बापू ड्रम वाजवायचा. कळवणहून येताना त्याची मोटरसायकल घसरली आणि तो बेशुद्ध झाला, तो झालाच.

"नर्स म्हणाली, बोलत राहा, ऐकू येत असेल. मला बोलायला काही सुचेना. मग चाल बांधायला लागलो. रोज त्याच्या कानाशी म्हणायचो. म्हटलं, यात ड्रम कुठं सुरू करायचे ते उठून तूच सांग."

बापू उठला नाही.

"म्हणून दाखवता?" मी विचारलं.

त्यांनी स्पीकर बंद केला. बारीक, जरा बेसूर आवाजात चार ओळी म्हटल्या आणि थांबले. मला वाटलं, पुढचं विसरले. पण त्यांची मान अजून तालात हलत होती. खाली फरशीकडे बघत ते कुणीतरी ड्रम सुरू करायची वाट बघत होते.

मग मान थांबली. नवे हातमोजे चढवत त्यांनी बाहेर हाक दिली, "पुढचे कोण आहेत? या."