टेबल नंबर अकरा

"पंधरा दिवसांत या टेबलात तोंड बघून वेणी घालशील तू!" सिद्धलिंग स्वामींनी बायकोला, तारामतीला, छातीठोक सांगितलं.

लातूरचा नुकताच नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाट्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं! दोन पावसाळे कोरडे गेलेले, गल्लीत चार दिवसांनी एकदा टँकर. अशाच एका नव्या कचेरीत सिद्धलिंग कारकून होते. खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला म्हणून त्यांनी जुनं सामान विकणाऱ्या चंद्रप्पाकडून एक टेबल आणलं. रंग पोपटासारखा हिरवा.

"आतून अस्सल सागवान हाय साहेब," चंद्रप्पा म्हणाला होता.

रविवारी सिद्धलिंग पॉलिश पेपर घेऊन टेबल घासायला बसले. तासाभरात हिरवा रंग सुटला आणि कोपऱ्यात पांढरी अक्षरं वर आली : 'सरकारी. टेबल ११.'

सिद्धलिंगांनी हातातला पेपर खाली टाकला. उस्मानाबादेहून त्यांच्या कचेरीसाठी अकरा टेबलं निघाली होती, पोचली दहा! अकराव्याची चौकशी दोन महिने चालू होती. ती करत होते हेडक्लार्क व्यंकटराव, आणि ते राहत होते समोरच्याच घरात. कचेरीत ते प्रत्येकाकडे असं बघत, जणू टेबल त्याच्याच खिशात आहे!

"चंद्रप्पाला परत देऊन टाका की," तारामती म्हणाली.

"अन् नेताना व्यंकटरावांनी बघितलं तर? मी अजून कायम झालेलो न्हाई. नोकरी जाईल ना!"

मग दारं बंद, खिडक्या बंद! स्पिरिटमध्ये चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, विरघळवून, त्यात गडद चॉकलेटी रंग घालून सिद्धलिंग रोज संध्याकाळी टेबलावर पॉलिशचे हातावर हात चढवू लागले. वासानं डोळे लाल व्हायचे, बाहेर येताना झोक जायचा. दूधवाला जरा थांबला की त्यांना वाटायचं, हा व्यंकटरावांचा माणूस! शेजारच्या उमाबाईंनी "बरं हाय ना?" विचारलं, तर हे तिसरीकडेच बघत म्हणाले, "आमच्या घरात काहीच न्हाई!"

काही विचारलं नसताना एवढं ऐकल्यावर उमाबाई गप्प बसतील? टँकरच्या रांगेत त्यांनी जाहीर करून टाकलं, "लोकांना प्यायला पाणी न्हाई, अन् ह्या स्वामीच्या घरात दारू गाळून राहिलेत! लई वास सुटलाय!"

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, दारावर थाप पडली. बाहेर व्यंकटराव!

"स्वामी, मला सगळं कळलंय."

सिद्धलिंगांनी हात जोडले. "साहेब, चूक झाली..."

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"तीन आठवडे."

"एकटेच करता?"

"तारामती चिंध्या देती हातात."

"बायकोला पण लावलंत! अन् विकता कुठं?"

"विकत न्हाई साहेब, विकत आणलं! चंद्रप्पाकडून! मला काय ठाऊक ते सरकारी हाय!"

"सरकारी दारू?" व्यंकटराव चक्रावले.

"दारू कसली? टेबल!"

व्यंकटराव तरातरा आतल्या खोलीत गेले. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी कोपरा निरखला. रंगाखाली अकराचा आकडा पुसट दिसत होता. सिद्धलिंग आता पोलिसाचीच वाट बघत होते. पण व्यंकटरावांनी मागं येऊन स्वतःच दाराची कडी घातली!

"कुणाला बोललात का हे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"न्हाई."

"ट्रकातून उतरवताना एक टेबल कचेरीत मावेना. मीच ते दोन दिवसांसाठी चंद्रप्पाच्या दुकानात ठेवलं. अन् विसरलो! आठवण आली तवर त्यानं रंगवून विकलं. आता मोठ्या साहेबाला कोणत्या तोंडानं सांगू?"

"म्हणजे एवढे दिवस तुम्ही आमच्यावर संशय घेऊन राहिलात, ते..."

"कुणावर तरी घ्यावाच लागतो, स्वामी!"

दोघांनी ठरवलं : उद्या सकाळी टेबल कचेरीत न्यायचं, आणि दुरुस्तीला टाकलं होतं म्हणायचं. आनंदाच्या भरात सिद्धलिंगांनी पहाटे उठून वरून व्हार्निशचा एक जाड हात मारला. साहेबांसमोर चमकायला नको?

साहेब खूश झाले. "वा! काय झळाळी आहे! व्यंकटराव, आणा ती चौकशीची फाईल, आत्ताच बंद करून टाकतो."

फाईल टेबलावर आली. साहेबांनी उघडली, तळहाताने दाबून धरली आणि झोकात सही ठोकली. मग ती उचलायला गेले. फाईल येईना! साहेबांनी जोर लावला. 'टर्र' असा आवाज झाला, पुठ्ठा हातात आला आणि साहेबांच्या सहीसकट व्यंकटरावांचा अहवाल टेबलालाच चिकटून राहिला. साहेबांची बाहीसुद्धा!

साहेबांनी दोन हिसके देऊन बाही सोडवली. मग थंडपणे म्हणाले, "कुणी केलंय हे पॉलिश?"

व्यंकटरावांनी क्षणाचाही विचार न करता सिद्धलिंगांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात सिद्धलिंग टेबलाला चिकटलेल्या अहवालाभोवती पॉलिश पेपर घासत बसले होते. समोर व्यंकटराव उभे. "हळू स्वामी, हळू! सही खरवडू नका. पुन्हा चौकशी काढावी लागेल!"