केकवरचा उजेड

अंदाज या शब्दाचा मला मनस्वी तिटकारा आहे. मी वजनकाटे तपासणारा माणूस. "असेल तेवढंच, साहेब!" हे वाक्य वीस वर्षांत मी एकाही दुकानदाराला पूर्ण करू दिलेलं नाही. त्यामुळे बायको केकचा व्हिडिओ फोनवरच काढून पाठवते म्हणाली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

"बाजूला हो. हे काम शास्त्रशुद्ध होणार!"

मामला साधा नव्हता. बायको आठ वर्षं नातेवाइकांचे केक सजवून "किती छान गं!" एवढ्यावर समाधान मानत होती. आता चौकातल्या मोठ्या बेकरीला केक सजवणारी बाई हवी होती. अट एकच. पाच मिनिटांत, न थांबता, क्रीमची सात फुलं काढायची आणि तो व्हिडिओ चारच्या आत पाठवायचा. हिने दोन केक करून ठेवले होते, एक सरावाला आणि एक खरा. रात्रभर झोप नव्हती बिचारीला.

मी मात्र निवांत होतो. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला कॅमेरा आणि उजेड मोजायचं मीटर होतं आणि वहीत हिशेब तयार होता. पुढच्या फुलापासून मागच्या फुलापर्यंत सगळं स्पष्ट दिसायचं तर लेन्सचं छिद्र बारीक हवं. छिद्र बारीक तर उजेड जास्त हवा. किती जास्त? मीटरचा काटा आठवर येईल इतका!

खालच्या मजल्यावर फोटोकाका राहतात. त्यांचा स्टुडिओ बंद झाला, पण हॅलोजनचे दिवे पेटीत जपून ठेवलेत. एक दिवा आणला, केकपासून बरोब्बर एक मीटरवर लावला, टेपने मोजून. काटा आठवर!

"कर सुरू," मी म्हणालो.

हिने पहिलं फूल काढलं. दुसरं काढलं. तिसरं काढेपर्यंत पहिल्याने मान टाकली.

"अहो, क्रीम वितळतंय! दिवा लांब न्या!"

"नेतो की. पण दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नाही होत, पाव होतो. म्हणजे चार दिवे लागणार."

"चार?"

"गणित आहे ते. माझ्या मनाचं सांगत नाहीये."

मी धावत खाली जाऊन आणखी तीन दिवे आणले. दोन मीटरवर रांगेने लावले. काटा पुन्हा आठवर! मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून तो काटा दाखवला. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिने मीटरकडे नाही, केककडे पाहिलं.

"फुलं घसरली रे," ती म्हणाली.

हिने तोवर काढलेली सातही फुलं ताटलीत येऊन बसली होती. सरावाचा केक संपला. ही घाम पुसत घड्याळाकडे बघू लागली.

"तीन मीटर," मी घाईघाईने वही उघडली. "तीन त्रिक नऊ. नऊ दिवे!"

फोटोकाका दार उघडून म्हणाले, "अरे, केकचा फोटो काढायचाय की केक भाजायचाय?" मी हसण्यावारी नेलं. जिने चढताना मात्र धापा टाकत होतो. स्वयंपाकघरात तीन मीटर मावेनात, म्हणून निम्मे दिवे बाहेरच्या खोलीत लावले. साडेतीन वाजले होते. हिने खऱ्या केकसाठी फ्रिजच्या दाराला हात घातला.

तेवढ्यात आई म्हणाली, "मला एक सांग. केकवर उजेड तेवढाच पडायला हवा ना?"

"अगदी तेवढाच. काटा आठवर!"

"मग दिवे लांब नेलेस काय नि जवळ आणलेस काय, दिव्यांची ऊबही तेवढीच पडणार की!"

मी वहीकडे बघितलं. वहीत उबेचा रकानाच नव्हता. बरं, माघार घ्यावी, तर हात बटणावर होता. दाबलं गेलं!

फाट्!

नऊ दिवे, फ्रिज, पंखा, अख्खी इमारत बंद. लिफ्टमधून फोटोकाकांचा आवाज आला, "कोण रे तो गाढव?" ते लांब वायर द्यायला वर येत होते.

"माझी नोकरी गेली," ही म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नोकरी कुठे जातेय?" आई उठली. "जिन्याच्या वळणावर ये, खिडकीपाशी. तिथे मला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो. केक दिसणार नाही होय?"

टेबल जिन्यात गेलं. खरा केक आला. आईने फोन धरला, कसलीही आकडेमोड न करता. हिने सात फुलं काढली, सातही ताठ उभी राहिली. चारला दहा मिनिटं कमी असताना व्हिडिओ गेला. सगळ्यांचं लक्ष फोनकडे असताना मी गुपचूप मीटर केकपाशी धरलं. काटा बरोब्बर आठवर होता. मी ते खिशात घातलं आणि फोटोकाकांना लिफ्टमधून काढायला गेलो.

संध्याकाळी बेकरीच्या मालकीणबाईंचा फोन आला. ही सोमवारपासून कामावर! आईने मला बाजूला सारून सुनेला मिठी मारली. मीही मारणार होतो, पण ही फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"अहो, मी त्यांना सगळी गंमत सांगितली. त्या विचारतायत, त्यांचा ओव्हन बिघडलाय, तर उद्याचा दिवस तुमचे ते नऊ दिवे मिळतील का?"

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी अजिबात रागावलो नाही. खिशातून वही काढली.

"देऊ की," मी म्हणालो. "पण केक किती इंचाचा आहे ते आधी विचार. अंदाजाने मी काही लावणार नाही."