अंतराळवीराचा गणपती

समीक्षाने बापाला नवा देह दिला, तेव्हा मैनाबाई ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. लॅपटॉपच्या पडद्यावर निळं जाकीट घातलेला एक सडपातळ गृहस्थ जागच्या जागी डुलत उभा होता. डोक्यावर भरघोस केस, पोट नावालाही नाही. मैनाबाईंनी चष्मा वर सरकवून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यो कोन गो?"

"बाबा."

"लग्नात बी ह्ये असे नव्हते," मैनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा वालांकडे वळल्या.

मोरूशेठ मात्र पडद्यासमोरून हलेनात. पेणमध्ये गणपतीचा कारखाना चालवण्यात त्यांची हयात गेली होती. मातीच्या गोळ्याला नाक-डोळे देणं हा रोजचाच धंदा, पण कुणी आपल्यालाच घडवून असं उभं करील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कळ दाबली की तो गृहस्थ चालायचा, दुसरी दाबली की नमस्कार करायचा. मोरूशेठनी त्याला मागून पुढून फिरवून पाहिलं आणि आत सळी कुठून घातली आहे याची चौकशी केली.

समीक्षा रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत होती. तिथे नव्या कामगारांसाठी संगणकात एक खोटा कारखाना उभारला होता. कामगार आपापला अवतार घेऊन त्यात शिरत आणि कुठला व्हॉल्व कधी बंद करायचा ते खऱ्या कारखान्याला धक्का न लावता शिकत. त्याच आभासी जगात कुणालाही शिकवणीसाठी एक खोली महिनाभर फुकट मिळत असे. बाबांनी शाडूची मूर्ती शिकवावी, जगभरातून लोक येतील, असं समीक्षाच्या मनाने घेतलं होतं. मोरूशेठ तयार झाले, पण एका अटीवर.

"प्लास्टरचं नाव काडायचं नाय. पानी जिला आपली म्हनत नाय, ती मूर्ती नव्हं."

हे वाक्य ते गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना आणि एकदा तर एस. टी.च्या कंडक्टरलाही ऐकवून बसले होते. आपल्या हातची मूर्ती विसर्जनानंतर कधी तरंगली नाही, भंगून काठाला लागली नाही, हा त्यांचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नव्हता.

वर्गाला पहिल्या दिवशी एक कोल्हा आला, दोन यंत्रमानव आले, पंख असलेली एक मुलगी आली आणि पांढऱ्याशुभ्र पोशाखातला, काचेचं शिरस्त्राण घातलेला एक अंतराळवीर आला. मोरूशेठनी सर्वांवरून नजर फिरवली आणि ती पायांवर येऊन थांबली. सगळे बूट घालून थेट मूर्तीच्या चौथऱ्याजवळ उभे होते. अगोदर बूट काढा, मग माती, असं त्यांनी फर्मावलं. शिष्यांनी मुकाट्याने बूट काढले आणि बुटांबरोबर सगळ्यांचे पायही नाहीसे झाले.

झालं होतं असं की, त्या जगाच्या कारागिरांनी बूट केले होते, आत पाय करायचे मात्र राहून गेले होते. समीक्षाने बूट परत घालायची परवानगी मागितली. मोरूशेठनी क्षणभर विचार केला.

"बिनपायाचं चालंल. बूट नाय चालनार."

तेव्हापासून तो अख्खा वर्ग जमिनीपासून वीतभर वर तरंगत शिकू लागला.

भाषेचीही तिथे एक गंमत होती. समीक्षाने वर्गाची भाषा इंग्रजी ठेवली होती, त्यामुळे कुणी कुठल्याही भाषेत लिहिलं तरी पडद्यावर इंग्रजीच उमटायचं. मोरूशेठ मराठीत सांगत, समीक्षा ते टंकत असे, जगाला इंग्रजी दिसे आणि शिष्यांची इंग्रजी उत्तरं ती बापाला परत मराठीत सांगे. या सगळ्यात खरा चौकस निघाला तो अंतराळवीर. पोट किती पुढे हवं, कान पातळ झाला तर आधार कसा द्यावा, उजव्या सोंडेचं सोवळं कडक असतं हे खरं का, असे एकेक नेमके प्रश्न तो विचारायचा. हा अमेरिकेचाच असणार, हे मोरूशेठनी मनाशी पक्कं केलं होतं. एवढ्या लांबच्या माणसाला इतकं कळतं, हे ते मैनाबाईंना रोज जेवताना सांगत.

माघातल्या गणेशजयंतीच्या सकाळी त्यांनी सहज खोली उघडली आणि त्यांचा हात तिथेच थबकला. अंतराळवीराने केलेली मूर्ती चौथऱ्यावर मधोमध होती. पुढे समई, वर तांबडी फुलं आणि शोभेच्या गवतातून खुडलेल्या दूर्वांची जुडी. खाली अंतराळवीराचा निरोप होता. समीक्षाने तो वाचून मराठीत सांगितला: प्राणप्रतिष्ठा यथासांग झाली, मास्तरांचे आभार.

"ह्ये काय करून बसला हा बाबा," मोरूशेठ मटकन खुर्चीत बसले.

कारखान्यात मूर्ती म्हणजे माल. तिला मानेला धरून उचलतात, आडवी करतात, दाटीवाटीने फळीवर लावतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की ती माती राहत नाही. मग तिला रोज नैवेद्य लागतो, आरती लागते आणि शेवटी पाणी लागतं. समीक्षाने याहून वाईट बातमी पुढे सांगितली. रविवारी संध्याकाळी महिना भरत होता. खोली बंद होणार आणि आतलं सगळं पुसलं जाणार होतं.

"पुसनार म्हंजे?"

"डिलीट, बाबा."

"गनपती डिलीट?" मोरूशेठनी विचारलं. हयातभर जपलेलं नाव असं एका बटणाखाली जाणार, या विचाराने त्यांना चहाही गोड लागेना.

त्यांनी गुरुजींना फोन लावला. हसून विषय संपवतील अशी त्यांना आशा होती, पण गुरुजी गंभीर झाले. शास्त्रात दगडाची मूर्ती चालते, वाळूची चालते, चित्रातली चालते, नुसती मनात कल्पिलेलीही चालते, मग हिलाच का वगळायचं, असं त्यांनी विचारलं. दीड दिवसात जमलं नाही तर पाच दिवसांचा करा, पण विसर्जन टाळू नका, हा त्यांचा निर्णय. फोन ठेवता ठेवता त्यांनी पौरोहित्याच्या वर्गाला अशी खोली मिळेल का, याचीही चौकशी केली.

म्हणजे रविवारपर्यंत मुदत होती. नैवेद्याचं खातं मैनाबाईंनी घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी मोदकाचं ताट लॅपटॉपपुढे धरलं, पण पडद्याच्या आत ते जाणार कसं? समीक्षाने त्या जगातलं खाद्य धुंडाळलं तर बर्गर, पिझ्झा आणि केक एवढंच निघालं. केकात अंडं आहे का ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. अखेर माकडाच्या अवतारासाठी ठेवलेल्या सामानात केळी सापडली आणि रोज सकाळ-संध्याकाळ निळ्या जाकिटातले मोरूशेठ, पाय नसलेले, केळं घेऊन हजर होऊ लागले.

राहता राहिलं पाणी. त्या खोलीला खिडकी होती, खिडकीत डोंगर होता, पण तो नुसता रंगवलेला. अख्ख्या पेण तालुक्यात तळी, नद्या, धरमतरची खाडी, आणि आपल्या गणपतीला ओंजळभर पाणी मिळू नये याचं मोरूशेठना फार लागलं. शनिवारी समीक्षाला आठवलं की तिच्या कंपनीच्या खोट्या कारखान्यात आग विझवण्याच्या पाण्याचा एक मोठा हौद आहे. तिने साहेबांना विचारलं. साहेब दरवर्षी पेणहूनच मूर्ती नेत असल्यामुळे त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी एवढंच बजावलं की सुरक्षेचे नियम पाळा.

रविवारी दुपारी मिरवणूक निघाली. पुढे मूर्ती घेऊन मोरूशेठ, मागे कोल्हा, यंत्रमानव, पंखवाली आणि सगळ्यात शेवटी अंतराळवीर. खोट्या कारखान्याचं फाटक आलं आणि लाल दिवा लागला. सेफ्टी शूज घातल्याशिवाय आत प्रवेश नाही.

"त्येला सांग, देवाचं काम हाय."

"बाबा, ते फाटक आहे. त्याला कोण सांगणार?"

मोरूशेठनी फाटकाला दोनदा धडक देऊन पाहिली. मग नाइलाजाने हेल्मेट आणि काळे जाड बूट चढवले. इतके दिवस पाय नव्हते म्हणून देवाची क्षमा मागत होते, आता बूट आहेत म्हणून मागितली. शिष्यांनाही सगळ्यांना बूट मिळाले आणि पाय परत आल्याच्या आनंदात कोल्ह्याने एक उडी मारली.

हौदाशी आल्यावर मोरूशेठनी सर्वांना माइक सुरू करायला सांगितलं. आरती काही लिहून होत नाही. त्यांनी सूर लावला. कोल्हा आणि यंत्रमानव नुसतेच गुणगुणत होते. एवढ्यात अंतराळवीराच्या काचेआडून एक आवाज आला. थकलेला, बारीक, बाईमाणसाचा. शब्द अचूक, चाल थेट आपल्याकडची, आणि मागे कुणीतरी खऱ्या झांजा वाजवत होतं. मोरूशेठची नजर त्या काचेकडे वळली. पण आरती मध्येच तोडता येत नाही, म्हणून ते शेवटच्या ओळीपर्यंत गात राहिले आणि मूर्ती पाण्यात सोडली.

त्याबरोबर भोंगा वाजला. आगीच्या हौदात काही पडलं की धोक्याची सूचना द्यायची, हे त्या कारखान्याला शिकवलेलं होतं. तिथे नव्या कामगारांची तुकडी धडे घेत होती. भोंगा ऐकताच पिवळ्या हेल्मेटांचा तांडा धावत आला. कुणी नळी आणली, कुणी स्ट्रेचर आणलं. हौदाकाठी काय चाललंय हे कळल्यावर क्षणभर सगळे थांबले, मग कुणीतरी मोरया म्हटलं आणि अख्ख्या तुकडीने नळ्या खाली टाकून टाळ्या धरल्या.

मोरूशेठचं लक्ष मात्र पाण्याकडे होतं. मूर्ती बुडाली नव्हती. ती एकदा डुबकी मारून वर आली होती आणि सोंडेसकट, हसतमुखाने, कोरडी ठणठणीत तरंगत होती.

"शाडूची म्हनालावता ना, मास्तर?" अंतराळवीराने विचारलं. "ही तर तरंगतेय."

आयुष्यात मोरूशेठना कुणी असं बोललं नव्हतं, आणि नेमकं तेच वाक्य त्यांच्या वर्मी बसलं. समोर पिवळ्या हेल्मेटातला अर्धा रोहा उभा होता. त्यांनी समीक्षाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते समीक्षाला कळलं. पडद्यावर सरकवत मूर्ती फिकी करण्याची एक पट्टी तिला माहीत होती. ती एका झटक्यात शेवटपर्यंत ओढणार, तोच बापाने तिचा हात धरला.

"हळू गो. माती हाय ती. आधी कान, मंग सोंड."

समीक्षा केसाकेसाने पट्टी ओढत राहिली. कान विरले, सोंड विरली, पोट पाण्याच्या रंगाचं झालं. शेवटी हौदात नुसतं पाणी उरलं, तेव्हा मोरूशेठनी तिचा हात सोडला.

"आता झाली शाडूची," काचेमागचा आवाज म्हणाला.

"तुमी कुठच्या?"

"मी गिरजाबाई. अष्टमी गावची. रोह्याच्या पुलाच्या पल्याड."

एवढे दिवस पेण आणि अष्टमी इंग्रजीतून बोलत होती. गिरजाबाईंचा नवरा गेल्यावर घरचा गणपती मोठ्या दिरांकडे नागोठण्याला गेला. पूजेला पुरुष माणूस हवा, असं तेव्हा सगळ्यांचं ठरलं होतं. गिरजाबाईंना मंत्र तोंडपाठ, पण दरवर्षी त्या दिरांच्या दारात पाहुण्यासारख्या पाटावर बसून यायच्या. नात मनस्वीने आजीला विरंगुळा म्हणून या वर्गात घातलं आणि पोशाखही तिनेच निवडला.

"नात म्हनाली, आजी, हितं कोन कोनाला वळखत नाय. मंग म्हटलं, बसवू आपन आपला गनपती. अंतराळवीराला कोन विचारतंय, तू बाई हायस का बुवा?"

मैनाबाईंनी मागून डोकावून त्या पांढऱ्या पोशाखाकडे पाहिलं, पदर डोळ्यांना लावला आणि पेणला आमच्या कारखान्यात या म्हणून सांगून टाकलं. संध्याकाळी खोली बंद झाली. आत पुसण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या वेळी कारखान्याच्या दारात एक लहानखुरी म्हातारी येऊन उभी राहिली. तिने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मोरूशेठनी मान वर केली आणि त्यांची नजर आपसूक खाली गेली. पाय होते. भेगा पडलेले, धुळीने माखलेले, जमिनीला नीट टेकलेले.

"काय बगताव, मास्तर?"

"काय नाय. या आत."

गिरजाबाई फळ्यांमधून बराच वेळ फिरल्या. कानाची जाडी बोटाने चाचपली, पोटाला नख लावून पाहिलं आणि भाद्रपदासाठी एक हातभर उंचीची मूर्ती पसंत केली. मग त्या घुटमळल्या. कारखान्यात ठरलेल्या मूर्तीच्या पाटावर खडूने घरच्या पुरुषाचं नाव घालतात, हे त्यांना ठाऊक होतं. नागोठण्याची बरीच माणसं याच कारखान्यातून मूर्ती न्यायची, पाटावरचं नाव दिरांच्या कानी जायला वेळ लागला नसता.

"नाव काय घालनार, मास्तर?"

मोरूशेठनी खडू उचलला आणि पाटावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: अंतराळवीर, अष्टमी.

गिरजाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्या वळल्या आणि अनवाणीच स्टँडची वाट चालू लागल्या. त्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या तेव्हा मोरूशेठच्या लक्षात आलं, आणि त्यांच्या चपला हातात घेऊन मास्तर मागे धावले.