बेनेदिताचा झगा धुतला त्याची गोष्ट

इलिंकाने केलेलं रफू शोधून दाखवा आणि तिच्या हातचं पोटभर जेवून जा, अशी तिची अख्ख्या सुचावा गावात पैज होती. आजवर कुणी जेवायला आलं नव्हतं. तिच्या आईचं तिथे कपडे दुरुस्तीचं दुकान. ज्या वयात बाकीच्या मुली बाहुलीची वेणी घालत, त्या वयात इलिंका बाहुलीच्या फ्रॉकचं रफू करत होती. फ्रॉक फाटलेला नसेल, तर आधी फाडून.

अशी ही मुलगी एका सत्रासाठी परदेशात, कोइंब्राच्या विद्यापीठात शिकायला आली. चढणीवरच्या एका जुन्या घरात तिला खोली मिळाली. घरात दोघंच, औषधशास्त्र शिकणारी बेनेदिता आणि कायद्याची परीक्षा सोडून बाकी सगळ्याचा अभ्यास करणारा तोमे. दोघंही इतके चांगले, की इलिंकाला रडू यायचं. तिला नवा टॉवेल, तिला न तडकलेला कप, माशाचा मधला तुकडा तिला. भांडी घासायला उठली, की बेनेदिता तिला हाताला धरून खाली बसवी.

"अगं, तू पाहुणी आहेस."

तोमेला मात्र ती ओरडायची. "ए ऐदी, ही तुझी कढई तुझा बाप घासणार का?" असं कुणी आपल्यावर ओरडावं, यासाठी इलिंकाचा जीव तळमळायचा. खिडकीत बसून ती खालच्या मोंदेगो नदीकडे बघत राही आणि मनातल्या मनात बेनेदिताकडून शिव्या खाई. मग नदीवरचं धुकं वर चढून घरांच्या पायऱ्यांवर बसे, आणि इलिंका त्या धुक्याहूनही लांब कुठेतरी गेलेली असे. या नादात घरातली निम्मी बोलणी तिच्या कानांवरून जात.

आता त्या गावातले विद्यार्थी खांद्यावरून पायापर्यंत लोंबणारा, बाह्या नसलेला काळा लोकरी झगा घालतात. इलिंकाने पाहिलं, तर एकाचाही झगा धड नाही. खालची किनार सगळ्यांची चिरफाळलेली, आणि वास असा, की शेजारी बसलं तर मागच्या वर्षीच्या विद्यार्थी-मिरवणुकीतली वाइनसुद्धा ओळखू यावी. तिने मनाशी ठरवून टाकलं, मुलं हुशार आहेत, पण बिचाऱ्यांना सुई धरता येत नाही.

मे महिन्यात, विद्यार्थ्यांच्या त्या वर्षीच्या मिरवणुकीआधी बेनेदिता आजीला आणायला गावी गेली. झगा दाराआडच्या खुंटीला लटकत होता. जाताना ती म्हणाली, "आजी आली, की सगळ्यात आधी हा झगाच बघणार."

इलिंकाने त्याची किनार बघितली आणि तिला गलबलून आलं. अशा अवस्थेत आजीसमोर?

तिने झगा गरम पाण्यात दोनदा धुतला. पहिलं पाणी कॉफीसारखं निघालं, दुसरं चहासारखं. गच्चीवरच्या तारेवर तो वाळत पडला, उडावं की राहावं अशा विचारात बसलेल्या मोठ्या काळ्या पक्ष्यासारखा. मग उन्हात त्याच्या सावलीत बसून तिने झग्याच्याच शिवणीतले धागे ओढले आणि एकेक चीर बुजवायला घेतली. खाली नदी चकाकत होती, कुणीतरी गिटारचे सूर जुळवत होतं, सुई आपली आपण चालत होती. इलिंका स्वप्नात होती. स्वप्नात बेनेदिता झगा उलटसुलट करून बघत होती, डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "चल आता, ती कढई घास."

शेवटची चीर बुजली तेव्हा तोमे जांभया देत गच्चीवर आला.

"हे काय वाळतंय?"

"बेनेदिताचा झगा."

तोमे उभा होता तिथेच फरशीवर बसला. "पाऊस लागला का त्याला?"

"धुतला. साबणाने."

"आणि खालच्या चिरा?"

"बुजवल्या," इलिंका लाजून म्हणाली. "सगळ्या."

तोमेने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बाई गं, हा झगा धुवायचा नसतो. कधीच. चार वर्षं जे जे अंगावर सांडतं, ते त्यात राहतं, आणि तेच तर सांभाळायचं असतं. आणि त्या चिरा आपोआप पडत नाहीत. आपली माणसं आठवण म्हणून दातांनी फाडतात. उजवीकडे मित्रांनी फाडायच्या, डावीकडे घरच्यांनी. डावीकडची आजीची होती."

"मग... आजी परत फाडतील ना?"

"कशाने? ती चीर फाडतानाच आजीचा शेवटचा पुढचा दात गेला. आता हिरड्या आहेत नुसत्या. तिला त्या चिरेचा इतका अभिमान आहे, की फोनवर आधी झगा कसा आहे विचारते, मग नात कशी आहे ते."

इलिंकाने झगा तारेवरून ओढला. "थांब. उसवते मी. आत्ता उसवते."

आणि इथे सुचावातली ती पैज आडवी आली. रफू सापडेना. उजेडाला धरून बघितलं, उलटा करून बघितलं, डोळे मिटून बोटं फिरवून बघितलं. तोमे भिंग घेऊन आला. कापड नुकतंच मागावरून उतरल्यासारखं निरागस दिसत होतं.

"कमाल आहे बाई तुझी," तोमे म्हणाला. "चोरी करून स्वतःलाच सापडत नाहीयेस."

मग त्याने अंदाजाने उजवी किनार तोंडात घेऊन चावायला सुरुवात केली. "ही माझी चीर इथेच कुठेतरी होती. शी, लव्हेंडरचा साबण."

तो असा झगा चघळत असताना जिन्यावर पावलं वाजली. आधी बेनेदिता आली, खांद्यावर बटाट्यांचं पोतं घेऊन. मागून आजी एतेल्विना, एवढीशी, काळ्या कपड्यांत.

बेनेदिताने झगा पाहिला. जवळ जाऊन हुंगला. डावी किनार हातात घेतली, सोडली, परत घेतली. तिचा चेहरा पांढरा पडला. इलिंका वाट बघत होती. आता ओरडेल, कढई फेकेल.

"असू दे," बेनेदिता हलकेच म्हणाली. "तुला काय माहीत. तू पाहुणी आहेस."

दोन थोबाडीत बसल्या असत्या तरी इलिंकाला एवढं लागलं नसतं.

"काय झालंय ते मला कुणी सांगेल का?" आजीने विचारलं. तोमेने सांगितलं. आजीने झगा नाकाशी नेला आणि मान डोलावली.

"बरं झालं धुतला. बोलायची चोरी होती, पण फार घाण मारत होता."

"आजी, तुझी चीर गेली," बेनेदिताचा आवाज फुटला. "आणि तुला आता दात..."

"मला नाहीत. हिला आहेत की." आजी इलिंकाकडे वळली. "ये गं. माझ्या वतीने चाव."

"ती घरच्यांनीच फाडायची असते, आजी."

"मग ही काय रस्त्यावर राहते? तुझ्या घरात जेवते, तुझी घाण धुते, तुझं फाटकं शिवते. आमच्याकडे अशा माणसाला घरचंच म्हणतात. तू शहरात येऊन काय शिकलीस देव जाणे. चाव गं."

इलिंकाने डोळे मिटले, किनार दातांत धरली आणि सगळ्या सत्राचा जीव जबड्यात आणून ओढली.

गरम पाण्याने त्या जुन्या लोकरीचा दम गेला होता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. टर्रर्र करत चीर निघाली ती किनारीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून कमरेवर, आणि थेट गळपट्टीशी जाऊन थांबली. बेनेदिताच्या हातात अर्धा झगा, इलिंकाच्या दातांत अर्धा.

खाली रस्त्यावर ढोल सुरू झाले.

"गाढवे!" बेनेदिता ओरडली. "चीर म्हणजे बोटभर असते, बोटभर! अंगणात तंबू ठोकायचाय का मला? डोकं कुठे असतं तुझं? बघत काय बसलीस, शीव आता!"

इलिंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने की भीतीने, तिचं तिलाही कळेना. ती सुई शोधायला धावली.

"त्या सुईने पहाट होईल," आजी म्हणाली. तिने बटाट्यांच्या पोत्याला खोचलेला दाभण उपसला, पोत्याच्या तोंडची सुतळी ओढून काढली. बटाटे गच्चीभर पसरले. त्या बटाट्यांत गुडघे टेकून इलिंका सुतळीने झगा शिवत सुटली. टाके वाकडे, बोटाएवढे, एक पूर्वेला तर एक पश्चिमेला. एकेक टाका घालताना तिचा जीव जात होता. सुचावात पोतीसुद्धा यापेक्षा बरी शिवत.

मिरवणुकीत बेनेदिता मान ताठ करून चालली. काळ्या झग्यावर पांढरी सुतळी मैलावरून दिसत होती. लोक थांबून बघत, हसत, विचारत, "हे कुणी शिवलं गं?"

"आमच्या घरचीने," बेनेदिता ऐटीत सांगे आणि इलिंकाचा हात धरून उंच करी.

पुढच्या वळणावर आजी खुर्ची टाकून बसली होती. ओळखीच्या, अनोळखी, सगळ्यांना ती खणखणीत आवाजात दाखवत होती, "ती बघा, ती, तोंड लपवतेय ती. आमचीच आहे."

अख्खं सत्र हे ऐकायला इलिंकाचे कान आसुसले होते. आणि आता, त्या भर गर्दीत, एवढा एक रस्ता संपेपर्यंत तरी यांनी आपल्याला पाहुणीच म्हणावं, अशी ती मनोमन प्रार्थना करत होती.