सारंगरावांनी मातोश्रींस भाडे दिले, त्याची हकिकत

लक्ष्मी ज्यांचे घरी पाणी भरते त्यांसही घोटभर पाणी पुरेना, ऐसा काळ प्राप्त जाहाला, त्या काळाचे हे वर्तमान. श्रीकृपेने लिहिणारास खरे लिहिण्याची बुद्धी होवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघ वद्य सप्तमी, आदितवार. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. राज्ये पुष्कळ आणि सरदार सर्वत्र सारिखेच. त्या राज्यात शहराचे पश्चिमेस तेवीस मजल्यांची गढी होती, दरवाजास चौकी होती, आत निळे पाण्याचा तलाव होता ज्यात कोणी पोहत नसे, आणि तळमजल्यास क्लबहाऊस नामे सदर होती. खजिन्याचे नवे अंदाजपत्रक नुकतेच वाचून जाहाले होते आणि सरदारांचे पदरी त्यात काहीच पडले नव्हते, म्हणोन समस्त मातबर मंडळी सकाळचे प्रहरी सदरेस जमली आणि कपाळास हात लावून बसली. कोणाची मनसब चाळीस लक्षांची, कोणाची साठ लक्षांची, आणि रड सर्वांची एक. सातवे मजल्याचे मिलिंदपंत हर्डीकर बोलिले, "शंभर कमावले की तीस सरकारचे. उरल्यात शाळा, घराचा हप्ता, ड्रायव्हर. आपण जगायचं कसं, सांगा ना!" आणि कोणी बोलिले की कोथिंबिरीची जुडी चाळीस रुपये जाहाली. जुडी आणीत होती त्यांची स्वयंपाकीणबाई, परंतु कळवळा धन्यास आला. मग सर्वांत मोठा आवाज राजश्री सारंगराव ढमढेरे यांचा. हे बावन्न लक्षांचे मनसबदार, वय त्रेचाळीस, एका परदेशी पेढीचे संगणकखात्यातील नामांकित सरदार. हे उठून उभे राहिले आणि बोलिले, "आपण दुभती गाय आहोत हो! चारा कोणी घालत नाही, धार मात्र रोज काढतात." सदर खूश जाहाली, टाळ्या पडल्या, कॉफी फिरली. इतक्यात सारंगरावांचे खिशातील फोन वाजला आणि त्यांचे तीर्थरूप आबांचा आवाज आला, "सारंग, इन्कम टॅक्सचं पत्र आलंय रे. तुझ्या आईच्या नावानं." सारंगरावांचे हातातील पेला कलंडला आणि कॉफी पांढरे सदऱ्यावर सांडली. मंडळी पुसती जाहाली की काय वर्तमान, तेव्हा सारंगराव म्हणाले, काही नाही, घरचा फोन. आणि लगबगीने बाहेर निघाले, कारण पत्र कशाचे असेल हे त्या सदरेत एकट्या त्यांसच ठाऊक होते.

ते ऐसे की, या सरदारांमध्ये एक चाल होती. जो भाड्याचे घरी राहतो त्यास करात सूट मिळते, ऐसा खजिन्याचा कायदा. म्हणोन दरसाल पौष मासी चाकरीचे कचेरीतून फर्मान सुटे की भाड्याच्या पावत्या दाखल कराव्या, आणि मग गढीतील घरोघर सरदार मेजापाशी बसत, बारा पावत्या पुढे मांडीत, बारा महसुली तिकिटे जिभेस लावून चिकटवीत आणि बारा मासांच्या सह्या एके बैठकीत उरकीत. राहावयाचे आपले मालकीचे गढीत आणि कागदावर भाडेकरू आईचे, सासूचे, नाहीतर मावशीचे. यास चोरी कोणी म्हणत नसे, यास प्लॅनिंग म्हणत. सारंगरावांच्या मातोश्री मालनबाई यांचे नावे शहराचे जुने भागात दोन खोल्यांचे घर होते, त्यात मातोश्री आणि आबा राहत. कागदावर तेथे सारंगराव राहत आणि मातोश्रींस मासिक चाळीस हजार भाडे देत. साल दर साल हे चालले, कोणी हू की चू केले नाही. मग मागील साली आश्विन मासी मातोश्रींस देवाज्ञा जाहाली. सारंगरावांनी सुतक पाळले, तेरावे केले, दुःख खरेच केले, ते नाकारू नये. आणि पुढे पौषात फर्मान सुटताच सवयीप्रमाणे मेजापाशी बसले, गतसालच्या पावत्या नमुन्यास पुढे ठेविल्या आणि बारा मासांवर बारा सह्या ठोकिल्या. सही करावयाची ती जुन्या सरावाने, डावीकडे किंचित कललेली, मातोश्रींची असे तशी. माणूस गेले आहे हे हातास कळलेच नाही. कागद दाखल जाहाला आणि विसरला गेला. तो कागद आता वर्षाने परतला होता.

सारंगराव मोटारीत बसले आणि निघाले, परंतु रस्ता दिसेना. मनात नाना तर्क. पेढीस कळले तर मनसब जाईल, मनसब गेली तर गढीचा हप्ता कोण भरील, मुलगी दुबईच्या सहलीस नाव देऊन बसली आहे तिला काय सांगावे, आणि बेड्या पडतील काय, ऐसेही मनात आले आणि घाम सुटला. मोटारीत एसी हिवाळ्यागत चालला होता तरी पाठ भिजून गेली. आबांचे घरी पोहोचले, दार उघडेच होते. आत पाहतात तो भांड्यांचे फडताळ रिकामे, डाळीतांदळाचे डबे जमिनीवर पालथे, गादीची शिवण उसवलेली, कापूस खोलीभर, आणि मध्ये आबा बसले आहेत, बनियन घामाने चिकटलेला, हातात मातोश्रींची जुनी पत्र्याची पेटी. हे आबा म्हणजे पाणीपुरवठ्याचे खात्यात छत्तीस वर्षे मीटर वाचलेले गृहस्थ. काट्याने जो आकडा दाखविला तो खरा आणि सरकारी कागदावर जो उतरला तोही खरा, ऐसी त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. ते लेकास पाहोन उठले नाहीत, बोलिले, "महिन्याला चाळीस हजार रे सारंग. वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. पत्रात लिहिलंय. तू देत होतास, मला बोलला नाहीस कधी." आबा पुढे बोलिले, "चांगलं केलंस. पण तिनं ठेवले कुठं? सगळं घर उलटंपालटं केलं. सापडत नाहीत." मग खाली पाहोन हळू बोलिले, "आणि मला तिनं सांगितलं नाही. सत्तेचाळीस वर्षांत ती माझ्यापासून काही लपवायची नाही. तिच्या कानाच्या यंत्राचं मी काढलं तर म्हणायची, नको, पोराचं सगळं टॅक्समध्येच जातं, त्याला कशाला सांगायचं. आणि पेटीत एवढं ठेवून…" इतके बोलोन आबा कापसाचा गोळा उगाच हातात घेऊन चुरगाळू लागले. त्या क्षणी सारंगरावांनी एक शब्द बोलावा, सर्व उलगडावे, इतकेच उरले होते. शब्द गळ्यापर्यंत आला देखील. परंतु भय मोठे वाईट; सारंगराव बोलिले, "असेल कुठंतरी आबा. मी बघतो." आणि खाली बसोन आबांबरोबर कापूस भरू लागले.

घरी परतले आणि पत्नी ऋजुताबाई यांस सर्व सांगितले, आणि उभयतां करपंडित उपासनी यांजकडे गेली. हे गृहस्थ सरदारांचे कराचे कागद जुळवून देण्यात निष्णात. त्यांनी पत्र वाचले, चष्मा काढिला आणि थंडपणे बोलिले, "घाबरताय कशाला? रोख दिले म्हणा. आईंना कॅश लागायची. घेणाऱ्या हयात नाहीत, विचारणार कोणाला? वारल्यानंतरच्या पावत्यांचं मी तारखांची चूक म्हणून सांभाळतो. फक्त वडील सोबत आले आणि हो म्हणाले की झालं." ऋजुताबाई बोलिल्या, "आणि आबांना तसंच वाटतंय ना? मग वाटू दे. खरं सांगून त्यांना तरी काय मिळणार?" सारंगरावांस हे पटले, म्हणजे पटवून घेतले. परंतु ते दिवसापासोन अन्न गोड लागेना, कचेरीत बसले तर दाराकडे नजर. चौथे दिवशी सांगलीहून मामा हणमंतराव यांचा फोन आला, रडत होते. बोलिले, "भाच्या, तुझ्या बापानं मला फोन करून विचारलं, बहिणीनं तुला किती दिले म्हणून. सख्ख्या बहिणीच्या पैशावर जगलो असतो तर आज दुकान दिवाळखोरीत गेलं नसतं. तुझी आई अशी होती का रे?" सारंगराव "नाही मामा, नाही" एवढेच बोलिले आणि फोन ठेविला. मग कळले की आबांनी मामांवर संशय धरिला, शेजारच्या सुमतीवहिनींवर धरिला, मग दत्तमंदिराचे पुजाऱ्यासही पुसिले की मालन गुप्त देणगी देत होती काय. मेलेल्या बाईचे नाव गल्लीत फिरू लागले, आणि फिरविणारा तिचा नवरा आणि फिरविण्याचे कारण तिचा लेक. सारंगरावांस आता खजिन्याचे भय वाटतच होते, परंतु त्याहून अधिक भय आबांचे वाटू लागले. ते ओरडतील याचे नव्हे, ते असेच शोधीत राहतील याचे.

मग हजेरीचा दिवस आला. करखात्याची कचेरी मोठी, भिंती हिरव्या, बाकांवर लोक मुकाट बसलेले. आबा धुतलेला सदरा घालून, कागद पिशवीत घेऊन, लेकाआधी अर्धा तास येऊन बसले होते. पुकार जाहाला आणि उपासनी, सारंगराव आणि आबा आत गेले. अधिकारी वाघमोडेबाई, वय पस्तिशीचे, वाणी नरम, दृष्टी नरम नव्हे. त्यांनी बारा पावत्या मेजावर ओळीने मांडिल्या. उपासनी बोलावयास तोंड उघडतात तो आबाच उभे राहिले आणि हात जोडून बोलिले, "बाई, मालन माझी पत्नी. ती नाही आता. तिला जे भाडं मिळालं त्याचा टॅक्स तिनं भरला नाही, ती चूक झाली. तिचा टॅक्स मी भरतो. पेन्शन आहे माझी, थोडे हप्ते करून द्या. पण तिच्या नावावर थकबाकी ठेवू नका, एवढी विनंती." बाई म्हणाल्या, "बाबा, बसा आधी." आणि एक पावती पुढे सरकविली. "ही डिसेंबरची आहे. त्या ऑक्टोबरमध्ये वारल्या. मग ही सही कशी झाली?" उपासनींनी सारंगरावांकडे पाहिले, सारंगरावांनी पावतीकडे. आणि आबांनी पावती जवळ घेतली, पाहिली, आणि किंचित हसोन बोलिले, "आधीच करून ठेवल्या असतील बाई. तिची सवयच तशी. सगळं आधी उरकून ठेवायची. दिवाळीचा फराळ वसुबारसेच्या आधी डब्यात असायचा आमच्याकडे. त्या वर्षी आजारी होती, तरी…" आणि सही बोटाने पुसावी तैसे त्यांनी त्यावरोन बोट फिरविले.

तेव्हा सारंगरावांचे सर्व बळ गेले. उपासनींनी मेजाखाली त्यांचा गुडघा दाबिला, तो त्यांस कळला नाही. सारंगराव बोलिले, "त्या सह्या मी केल्यात." बाईंनी विचारिले, कोणत्या? बोलिले, "सगळ्या. आधीच्या वर्षांच्या पण. भाडं कधी दिलंच नाही. आईला यातलं काही माहीत नव्हतं." सारंगराव मान खाली घालोन बसले आणि आबांची वाट पाहू लागले. आता थप्पड पडेल, आता शिवी येईल, आता कचेरीतले सर्व लोक ऐकतील, ऐसे भय. परंतु आबांनी इतकेच पुसिले, "म्हणजे तिला एक रुपया मिळाला नव्हता?"

"नाही आबा."

"तिनं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं?"

"नाही."

आबांनी मोठा श्वास सोडिला, जैसे डोईवरचे ओझे कोणी उतरविले, आणि त्यांचे डोळे भरले. बोलिले, "बरं झालं. बरं झालं बाई." मग पिशवी उचलिली आणि वाघमोडेबाईंस बोलिले, "तिच्या नावावरचं खोडा तेवढं. मी निघतो, मला सांगलीची गाडी पकडायची आहे. हणमंताला नको नको ते बोललो." सारंगराव उठून म्हणाले, "आबा, मी सोडतो." आबा बोलिले, "नको रे. तुला इथं काम आहे." आणि गेले. रागाचा एक शब्द बोलिले नाहीत. सारंगराव खुर्चीत तैसेच राहिले, आणि जे भय इतके दिवस पोटात होते ते गेले नाही, उलटे वाढले, कारण आता पुढे काय होईल हे सांगणारा खजिन्यात कोणी नव्हता.

येणेप्रमाणे जाहाले. कर, व्याज आणि दुप्पट दंड भरिला, पेढीने पत्र दिले परंतु मनसब राखिली, गढी आहे, दुबई जाहाली. आबा दर आदितवारी फोन करितात, नातीची खुशाली पुसतात, पाऊसपाणी बोलतात, आणि त्या दिवसाचे काही काढीत नाहीत. सारंगराव दर आदितवारी फोन वाजण्याआधी अर्धा तास तो हातात घेऊन बसतात, की आज विचारतील. आबा विचारीत नाहीत. ही हकिकत लिहिली, ज्यास खरी वाटेल त्याने घरी फोन करावा.