पास्कू अंकल आणि फोन लावायची मुभा

इंटरनेटसाठी फोन लावला आणि मोडेम शीळ घालू लागला की पास्कू अंकल त्याच्याबरोबर शीळ घालतात. मध्येच थांबून निकाल देतात, "नाय लागणार. वटारच्या वाटेवर कोणाची तरी झावळी तारेला टेकलीय." आणि खरंच लागत नाही. त्यांची उभी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर गेली.

मी लातूरकडची. शाळा सातवीत सुटली. गिरीज गावच्या या वाचनालयात पुस्तकं लावायचं काम मिळालं, ते टिकावं म्हणून कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा श्वास रोखून पुसायची. त्यात लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली अंकलनीच, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. पण मुख्य पासवर्ड ठेवला वाचनालयाच्या चिटणीसांनी स्वतःकडे, आणि तो टाकल्याशिवाय इंटरनेटचा फोन लागायचा नाही. चिटणीस दिवसभर मुंबईला. मस्कतहून माझ्या भावाची मेल आली की नाही, ते रविवारीच कळायचं.

अंकलना हे सोसेना. "तार गावाची, नि कुलूप एका माणसाचं?"

एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते थेट चिटणीसांसमोर येऊन बसले.

"उद्या कोणी मशीन बिघडवली तर?" चिटणीस म्हणाले.

"मशीन कोण मागतोय? नुसता फोन लावायची नि तोडायची मुभा द्या. बाकी कुलूप ठेवा उशाला."

"विचार करून सांगतो."

"करा. मी बसलोय."

जेवणाची वेळ टळली तेव्हा चिटणीसांनी कीबोर्डवर पेपर धरून पासवर्ड टाकला. अंकल भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग अंकलनीच वळून फोन लावू शकणाऱ्यांची यादी भरली. त्यात माझंही नाव.

"अंकल, माझ्याकडून काही बिघडलं तर?"

"बिघडवायची ताकदच नाय दिली तुला, बाय. घाबरतेस कशाला?"

तेव्हापासून मी कोणाला विचारत नाही. बसते आणि लावते.

अंकल मात्र रोज दारातून विचारायचे, "कोणी लावलाय काय?" लावलेला असला तरच दोन मिनिटं टेकून आपली मेल बघायचे. परवा मी ती यादी उघडून पाहिली. त्यांचं नावच नव्हतं.

"मुद्दामच नाय घातलं," ते म्हणाले. "घातलं असतं तर मेल आली काय बघत दिवसभर मीच लाईन अडवली असती. कॅनडावाल्याला लिहायला वेळ नसतो."

कॅनडावाला म्हणजे त्यांचा मुलगा.

मी माझ्या नावाने फोन लावला आणि खुर्ची त्यांच्यापुढे ओढली. मोडेमने शीळ घातली. अंकल नुसते ऐकत राहिले.

"लागला," मी म्हटलं. "आता रोज दहाला लावणार. तुम्ही नको म्हणालात तरी."