पापलेट मोजणारा माळकरी

गळ्यात तुळशीची माळ, जन्मात मासा खाल्लेला नाही, आणि दर रविवारी सकाळी अमरावतीच्या मासळी बाजारात हजर! खिशात पराटीची, म्हणजे कपाशीची, एक वाळकी काडी. ती पापलेटाशेजारी धरून पुंजाजी मासा मोजतात. काडीपेक्षा आखूड निघाला, की गिऱ्हाईक ओळखीचं असो की अनोळखी, त्याची खैर नाही.

"ठेवा ते, मास्तर! त्याचं लगन तरी होऊ द्या!"

माझ्या हातचं पापलेट असं दोनदा परत गेलं आहे. दोन्ही रविवारी घरी वांग्याची भाजी झाली, आणि ती वांगीही पुंजाजींचीच. वलगावच्या आपल्या वावरातली भाजी आणून ते बाजाराच्या तोंडाशी विकतात.

समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. बोलतात मात्र असे, की तो त्यांच्या वावराच्या धुऱ्याला, बांधाला लागूनच आहे. "बारकी मासोळी म्हंजे सुरमईचा डबा हाय, मास्तर. तो डबा तुमी उचलला, तं सुरमई काय हवा खाईन? अन् सुरमई गेली का कोळी काय खाईन?"

पावसाळ्यात दोन महिने समुद्रात मासेमारी बंद असते, कारण तेव्हा मासे अंडी घालतात. ही बंदी पुंजाजी आमच्या बाजारात जातीनं राबवतात. त्या दिवसांत ते लांबून दिसले, की मासेवाली शांताबाई आधीच ओरडते, "बर्फातली हाय, भाऊ! बंदीच्या आंधीची!"

एकदा मी चिडलो. "खात नाही, विकत नाही, मग मोजता कशाला?"

ते पालकाच्या जुड्या बांधत बसले. ते गेल्यावर शांताबाईनं मला सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी नंदा नर्स होऊन कोकणात गेली, आणि तिथल्या एका कोळ्याशी तिनं लग्न केलं. एक लहानशी होडी, त्यावर संसार. आठ वर्षांपूर्वी पुंजाजींनी तिचं नाव टाकलं. पण आपण इथं बारके मासे घेतले नाहीत, तर तिथं ते मोठे होतील आणि नंदाच्या नवऱ्याच्या जाळ्यात येतील, अशी त्यांची समजूत होती. मला आधी हसू आलं. मग हातातल्या पिशवीची लाज वाटली.

गेल्या मे महिन्यात शांताबाईनं ट्रकवाल्याकडून बातमी आणली. नंदाच्या बंदराजवळ मोठ्या बोटींनी बारीक जाळ्यांनी सगळं खरवडून नेलं होतं, आणि लहान होडीवाले होड्या विकायला निघाले होते. पुंजाजींनी तराजू खाली ठेवला.

"मास्तर, फोन लावून द्या."

नंबर त्यांना तोंडपाठ होता. ऐकू कमी येतं म्हणून मी स्पीकर चालू केला.

"नंदे, मी बोलून राहिलो."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"होडी हाय ना वं?"

"विकली, बाबा. ते आता मोठ्या बोटीवर खलाशी हायेत."

पुंजाजींचा चेहरा खर्रकन उतरला. माळ चाचपत ते घाईघाईनं म्हणाले, "असू दे, असू दे. आठ दिवसांनी बंदी लागते. दोन महिने जावईबापू रिकामेच असतीन. दोघंबी घरी या."

त्यांच्या तोंडून 'जावईबापू' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आई गेली तवा बंदीच होती, बाबा," नंदा म्हणाली. "आमी दोघंबी रिकामेच होतो. तुमी सांगतलं नाही."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुंजाजींच्या बायकोला, काकूंना, जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि नंदाला कळवलंच नव्हतं हे मलाही माहीत नव्हतं.

"हो," पुंजाजी म्हणाले. मग पुन्हा एकदा, "हो."

मला त्यांचा राग आला, आणि कीवही. कुणीतरी पालक केवढ्याला म्हणून विचारत होतं. ते फोन परत देईनात. पलीकडे नंदानंही ठेवला नव्हता.